लोकेशन का देत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

सप्टेंबर सरत आला की माझ्या फोनवर एकच शब्द येऊ लागतो, 'लोकेशन?' पुढे-मागे नमस्कारसुद्धा नाही. भोवत्याच्या (हॅरियर नावाच्या शिकारी पक्ष्याच्या) फोटोखाली मी 'पुणे जिल्हा' एवढंच लिहितो, याचा लोकांना राग येतो. परवा एकाने विचारलं, 'पक्षी तुमच्या सातबाऱ्यावर आहेत का?'

नाहीत. आणि मी सगळंच लपवतो असंही नाही. करड्या धोब्याचा पत्ता हवा असेल तर आमच्या सोसायटीच्या गळक्या टाकीपर्यंत आणून सोडतो; दर सप्टेंबरला तो तिथे शेपटी हलवत हजर असतो. उजनीचे पक्षी बघायचे तर भिगवणला जा, नावाडी फिरवून आणतील. माझी अडचण फक्त भोवत्यांपुरती आहे, कारण ते जमिनीवर झोपतात. मध्य आशियातून इतकं अंतर कापून आलेला शिकारी पक्षी, पण रात्रीला झाड लागत नाही. दिवस बुडाला की एकेक करत माळावर येतात, गवताच्या शेंड्यांवरून तरंगत दोन-तीन फेऱ्या मारतात आणि अचानक दिसेनासे होतात. 'घारीवानी हाय, पन भुईवर निजतंय,' असं म्हणून एका धनगर आजींनी मला ती जागा दाखवली होती.

2017 च्या ऑक्टोबरात तिथे मी 43 मोजले. मोंटेगू जातीचे जास्त, पॅलिड जातीचे थोडे, माद्या आणि तरुण पक्षी काही मला वेगळे ओळखता येत नव्हते. सकाळी ते उठून गेल्यावर गवतात गेलो, तर ताटाएवढ्या दबलेल्या जागा, आणि एकीत पक्ष्याने ओकलेली गोळी. तळहातावर चुरली तर नुसते नाकतोड्यांचे पाय आणि जबडे. इतका आनंद झाला, की फोटो आणि नकाशावरचा टिंब मी चौघांना पाठवला. चौघांनाच हो, आणि चौघेही भले.

पुढच्या शनिवारी माळावर अकरा गाड्या होत्या.

आधी सगळे रस्त्याकडेला शिस्तीत उभे होते, हे मान्य करतो. मग एकाला उजेड पाठीमागून हवा झाला. त्याने गाडी गवतात घातली, त्याच्यामागे आणखी दोन. पक्षी यायला लागले होते. उतरायचे, गाडी सरकली की उठायचे, पुन्हा घिरटी, पुन्हा उतरायचे. शेवटी अंधारातच गोल फिरत राहिले, आणि परतायला म्हणून कोणीतरी हेडलाइट लावले तेव्हा त्या झोतात एक मादी अगदी समोरून गेली. कॅमेरे कडकडले. मी ओरडलो का? नाही. माझाही कॅमेरा त्या कडकडाटात होता. तो फोटो चांगला आलाय. कोणाला दाखवला नाही.

आजी वाड्यावर जाळी ठोकत होत्या. 'तुमचीच मानसं का ही?' मी 'नाही' म्हणालो.

पुढच्या आठवड्यात सहा भोवते होते. त्यांनी जागा बदलली असेल, वाटेवरचे पुढे दक्षिणेला गेले असतील. गाड्यांमुळेच गेले हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण दबलेल्या ताटांवरून चाकोरी गेलेली मी पाहिली आहे.

आता तुमची बाजू मीच मांडतो, कारण एके काळी ती माझीच होती. मलाही पहिली जागा एका अनोळखी माणसाने, काही न विचारता, बस कुठे बदलायची इथपर्यंत सांगितली होती. तेव्हा जागा दडवणाऱ्यांना मी 'संस्थानिक' म्हणायचो. आज तेच नाव मला लागतं.

आणि माझ्या गप्प बसण्याने माळ वाचला, असंही झालं नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच्या उत्तर टोकाला जेसीबीने समतल चर मारले आणि गिरिपुष्पाची रोपं लावली. कागदावर ती जमीन पडीक. गवत म्हणजे काहीच नाही. मी अर्ज घेऊन गेलो तर साहेबांनी सरळ विचारलं, 'इथे पक्षी आहेत याची नोंद कुठे आहे?' नोंद माझ्या वहीत होती. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, यादी सार्वजनिक न करताही ठेवता येते, हे मला ठाऊक होतं. आधी भीती होती म्हणून टाकली नाही, नंतर आळस, आणि शेवटी नुसता हट्ट. पाहणारे पन्नास जण असते तर जेसीबी थांबला असता का? की पन्नास गाड्यांनी तो माळ आधीच संपवला असता? दोन्ही बाजूंनी मी रात्री-रात्री भांडलोय स्वतःशी.

या शनिवारी जाणार आहे. माझ्या गाडीत तिघांना जागा आहे. फोन घरी ठेवायचा, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचून बांधाआड बसायचं, अंधार पडल्यावर बॅटरी न लावता चालत परत यायचं. मोजे जुने घाला, कुसळं निघत नाहीत.