पत्रा आधी, पडदे नंतर

जुनी फोक्सवॅगन टाइप २, म्हणजे आत राहायची सोय केलेली कॅम्पर व्हॅन, घ्यायला जाणारे बहुतेक जण भुलतात ते आतल्या लाकडी कपाटाला, चौकड्यांच्या पडद्यांना आणि वर उघडणाऱ्या छपराला. व्यवहार मात्र ठरवायचा असतो तो जमिनीला पाठ टेकून, बॅटरीच्या उजेडात, खालून बघून. कपाट नवीन करता येतं, आणि स्वस्तात होतं. सडलेला तळ महाग पडतो.

इथे बोलायचं आहे ते ‘बे-विंडो’बद्दल. ऑगस्ट १९६७पासून १९७९पर्यंत जर्मनीत बनलेली, पुढे एकच मोठी वळणदार काच असलेली व्हॅन. ब्रिटनमध्ये घरासमोर ताडपत्रीखाली झाकलेल्या जुन्या कॅम्परमध्ये हीच जास्त दिसते. हवा दमट, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ. गंजाला आणखी काय हवं?

या गाडीला वेगळी चॅसी नसते. खालच्या लांब बीम, आडव्या पट्ट्या, जमिनीचा पत्रा आणि दाराखालचा उंबरा, म्हणजे सिल, हे सगळं एकमेकांना वेल्ड करून एकच खोका केलेला असतो. सिलमध्येही एकामागे एक तीन पत्रे: बाहेरचा, मधला, आतला. बाहेरचा चकचकीत आणि मधला भुगा, हा प्रकार नेहमीचा. कुणीतरी सडक्या सिलवर नवा पत्रा ठोकून, वर लांबी भरून, काळा डांबरी रंग मारलेला असतो. आपल्याकडच्या गॅरेजात ज्या पुट्टीला लांबी म्हणतात, तीच ही.

तपासणीला तीन गोष्टी पुरतात: चुंबक, स्क्रूड्रायव्हर आणि कान. चुंबक कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या वीतभर भागावर आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल ठोकत जा. धड पत्रा टण्ण वाजतो, सडका बद्द. मग मालकाला विचारून गाडी जॅकवर घ्या आणि बाजूचं सरकतं दार उघडून पाहा. जमिनीवर नीट सरकणारं दार गाडी उचलल्यावर अडत असेल, तर खोक्याचा ताठपणा गेला आहे. किंमत बोलायची ती यानंतर.

गंज कुठे लागतो हे पाणी कुठून येतं त्यावरून कळतं. छपराच्या पन्हळीला तडा गेला की पाणी भिंतीच्या आतून थेट सिलमध्ये उतरतं. मागे शेवटच्या खिडक्यांच्या शेजारी, कोपऱ्यांवर हवा ओढणाऱ्या जाळ्या असतात. तिथलं पाणी मागच्या कोपऱ्यांत आणि बॅटरीखालच्या तबकात साचतं, त्यात बॅटरीचं ॲसिड भर घालतं. पुढची चाकं कमानीच्या सांध्यात चिखल फेकतात. तो चिखल वर्षानुवर्षं ओला राहतो आणि पायरी, केबिनचा तळ आणि जॅक लावायच्या जागा सडवतो. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की चौकटीच्या खालच्या ओठाला टाचणीएवढी भोकं पडतात. काच काढताना रबर उचकटू नका, कापून टाका. नवं रबर स्वस्त असतं, काच नाही.

पत्रे मागवण्याआधी चॅसी नंबर वाचा. १९७०च्या दशकातल्या दहा आकडी नंबरात पहिले दोन आकडे प्रकार सांगतात आणि तिसरा मॉडेल वर्ष. नंबर २३२ने सुरू होत असेल तर ती कॉम्बी, म्हणजे खिडक्यांवाली व्हॅन आहे, १९७२चं मॉडेल, म्हणजे ऑगस्ट १९७१ ते जुलै १९७२मध्ये बनलेली. नोंदणीच्या तारखेवर विसंबलात तर चुकीचा पत्रा दारात येऊन पडतो. ऑगस्ट १९७२नंतर पुढचे इंडिकेटर बंपरवरून उचलून वर हवेच्या जाळीशेजारी नेले, बंपर आणि पुढचा भागही बदलला. चाकांचंही तसंच: ऑगस्ट १९७०मध्ये पुढे डिस्क ब्रेक आले आणि चाकाच्या बोल्टचं वर्तुळ २०५ मिमीवरून ११२ मिमीवर आलं. दिसायला सारखी असली तरी ती चाकं एकमेकांना बसत नाहीत.

आता कापाकापी. सगळ्यात महागडी चूक इथेच होते. उत्साहाच्या भरात एका दुपारी दोन्ही बाजूंची सिलं कापून टाकली की खोका मधून खचतो. तशा अवस्थेत नवी सिलं वेल्ड केली की खचलेला आकार कायमचा होतो. मग सरकतं दार आयुष्यभर बसत नाही.

म्हणून आधी गाडी सपाट काँक्रीटवर आणा. घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे स्टँड, लावायच्या त्या पुढच्या ॲक्सल बीमखाली आणि मागच्या टॉर्शन ट्यूबखाली, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या आडव्या नळीखाली. जॅक लावायच्या जागांवर मुळीच नको, त्याच तर बदलायच्या आहेत. लेव्हल लावून चारही कोपरे समान करा. दारं जागेवरच राहू द्या. तीच तुमची मोजपट्टी. दारांच्या फटी वर, मधे, खाली मोजून चिकटपट्टीवर लिहून ती पट्टी तिथेच चिकटवा. सरकत्या दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्णही लिहा. मग २५ मिमीची चौकोनी पोलादी नळी चौकटींत आतल्या बाजूने वेल्डच्या टाक्यांनी अशी जोडा, की दार उघडता-मिटता येईल. सगळं लिहून झाल्याशिवाय ग्राइंडरला हात लावायचा नाही.

एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूचाही एका वेळी एकच थर. बाहेरचं सिल काढा, आत काय उरलंय ते बघा. आतला पत्रा तुकड्यातुकड्याने बदला. जॅकच्या जागा आणि त्यांना धरणारे आडवे आधार बसवा. मग मधला पत्रा, शेवटी बाहेरचा. प्रत्येक थर आधी क्लॅम्पने धरायचा, दार मिटायचं, चिकटपट्टीवरचे आकडे पडताळायचे, मगच वेल्ड. कंटाळवाणं आहे, पण फट दोन मिलिमीटरने सरकलेली याच टप्प्यावर दुरुस्त होते. एकदा पूर्ण वेल्ड झालं की होत नाही.

वेल्डिंगला मिग मशीन (तार आपोआप पुढे सोडणारं), ०.६ मिमी तार आणि आर्गन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. गॅसशिवायची तार पातळ पत्र्याला भोकं पाडते. बॉडीच्या ठिगळाला १ मिमी पत्रा, खालच्या आधारांना १.५ ते २ मिमी. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते ते ८ मिमीच्या ड्रिलने सोडवा. नव्या पत्र्याला ६ ते ८ मिमीची भोकं पाडून, तीन-चार सेंटिमीटरवर एक, ती वेल्डने भरा. दोन पत्र्यांमध्ये लपणाऱ्या जागी जस्ताचं वेल्डेबल प्रायमर मारा, पण भोकातून दिसणारी टिकली खरवडून उघडी करा, नाहीतर वेल्ड थुंकतो.

सपाट मोठ्या पत्र्यावर लांब सलग वेल्ड ओढला की पत्रा तापून पापडासारखा वाकतो. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग परत मधे, असं फिरत राहायचं. हात लावून सोसवेल एवढा पत्रा थंड झाल्यावरच पुढचा टाका. संपूर्ण शिवण झाल्यावर फ्लॅप डिस्कने घासा, तीही थांबत थांबत. ग्राइंडरच्या उष्णतेनेही पत्रा वाकतो.

वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवा. मागच्या भागात काम असेल तर पेट्रोलची टाकी काढल्याशिवाय ठिणगी पाडू नका. टाकी गिअरबॉक्सच्या वर, इंजिनच्या कप्प्याच्या भिंतीपलीकडे असते आणि ती काढायला इंजिन उतरवावं लागतं. जिवावरचं काम वाटतं, पण इंजिन खाली आल्यावर त्या कप्प्याचा गंजही हाताला लागतो.

आणि इंजिन उतरलंच आहे तर पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलून टाका, चांगल्या दिसत असल्या तरी. कापडी वेष्टणाच्या जुन्या नळ्या आतून चिरतात, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल त्यांना लवकर खातं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. नळीवर ‘एसएई जे३० आर९’ हा दर्जा छापलेला असला पाहिजे. १६०० सीसीच्या इंजिनाचा केस, म्हणजे बाहेरचं कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. गळलेल्या पेट्रोलने तो एकदा पेटला की पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. इंजिनाच्या कडेने फिरणारं रबर आणि सगळे पत्र्याचे आडपडदे परत बसवायला विसरू नका; ते नसले की खालची गरम हवा पंखा पुन्हा आत ओढतो आणि इंजिन भाजतं. इंजिनाची पुली हाताने धरून पुढेमागे ओढून पाहा. स्पष्ट खट्‌खट्‌ जाणवली तर क्रँकचा एंडप्ले, म्हणजे पुढेमागे हलण्याची मोकळीक, डायल गेजने मोजा. ०.१५ मिमीच्या वर गेला असेल तर इंजिन खोलायचंच आहे, मग रंगाचा खर्च आत्ताच करू नका.

रंगाचं थोडक्यात. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर सांधे बुजवायला सीम सीलर, लांबी असलीच तर २-३ मिमीपर्यंत. साधं राखाडी प्रायमर मारून गाडी महिनोन्‌महिने बाहेर ठेवणारे पुष्कळ आहेत. ते प्रायमर पाणी पितं आणि खाली नवा गंज धरतो. हार्डनरवाला टू-के रंग मात्र घरी मारू नका. त्यातल्या आयसोसायनेट या विषारी रसायनाला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. हा एकच टप्पा दुसऱ्याकडे सोपवला तर कमीपणा नाही.

रंग वाळला की मेण. सिल, बीम, दारांचा तळ, पन्हळीमागची पोकळी, सगळीकडे लांब नळीच्या टोकाने कॅव्हिटी वॅक्स मारायचं. पूर्ण व्हॅनला पाचेक लिटर धरा. डबे आधी गरम पाण्यात ठेवले की मेण पातळ होऊन सांध्यात शिरतं. हे काम शेवटीच, कारण नंतर वेल्ड केलं तर मेण जळतं आणि पेटूही शकतं.

कागदाचा एक मुद्दा. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या आणि गेल्या ३० वर्षांत मोठे बदल न झालेल्या गाड्यांना २० मे २०१८पासून एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. तरीही इतकं वेल्डिंग केल्यावर ती स्वतःहून करून घ्या. आपलं वेल्ड आपल्याला नेहमी छानच दिसतं.

आता आतलं लाकूडकाम. भिंतीत काचेची लोकर (ग्लास वूल) भरू नका, झोपलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ तीत मुरते आणि पत्रा आतून सडायला लागतो. बंद पेशींचा फोम चालतो. प्लायवुड आणि पत्रा यांत बोटभर फट ठेवा. गॅसचा सिलिंडर ठेवायच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवंच, कारण गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याशिवाय वेगळा.

पहिला पाऊस पडून गेला की दारांच्या तळाची भोकं बघा. पाणी ठिबकत नसेल तर तुम्हीच मारलेलं मेण तिथे गोठलंय. तारेने मोकळं करा.