बेस गिटारचा अॅम्प नक्की कोणासाठी असतो?

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या साउंडचेकला मी लांब वायर जोडून मंचावरून खाली उतरले आणि वाजवत वाजवत प्रेक्षागृहाच्या मध्यापर्यंत चालत गेले. वर अॅम्पसमोर, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रासमोर, उभी असताना जो भरीव खर्ज मला सुखावत होता, त्याचा खाली मागमूस नव्हता. सगळाच आवाज कमी झाला होता असेही नाही. ए तारेवर सातव्या फ्रेटला वाजणारा वरचा ई चांगलाच घुमत होता, पण मोकळी, म्हणजे कुठेही न दाबलेली, ई तार छेडली की तिचा स्वर पाया काढून घेतल्यासारखा पोकळ येत होता. मी परत वर गेले, अॅम्पचे बेसचे बटण आणखी फिरवले आणि पुन्हा खाली येऊन ऐकले. पोकळी होती तशीच राहिली, उलट ती अधिक जाणवू लागली.

त्या दिवशी साउंड इंजिनिअरने मला जे समजावून सांगितले, त्याने माझी अॅम्पकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा ई हा स्वर 41.2 हर्ट्झचा असतो आणि हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला, तर त्या स्वराची एक लाट जवळपास 8.3 मीटर लांब होते. माझे कॅबिनेट, म्हणजे अॅम्पला जोडलेली स्पीकरची पेटी, मंचाच्या मागच्या भागात होते, तर प्रेक्षकांसाठीचे सबवूफर, म्हणजे खर्ज वाजवणारे मोठे स्पीकर, मंचासमोर, त्याच्यापासून साधारण चार मीटर पुढे होते. दोन्हींतून एकच स्वर जवळपास सारख्याच जोराने बाहेर पडत होता, पण माझ्या कॅबिनेटची लाट सबवूफरपर्यंत पोहोचेपर्यंत अर्ध्या लाटेने मागे पडत होती. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येत होता आणि प्रेक्षकांपर्यंत जाता जाता दोघी एकमेकींना पुसून टाकत होत्या. एक सप्तक वरच्या ई स्वराची, म्हणजे 82.4 हर्ट्झची लाट बरोबर निम्म्या लांबीची असल्यामुळे तिच्या बाबतीत हेच चार मीटर जवळपास एक पूर्ण लाट भरत होते, म्हणून ती दुप्पट जोमाने येत होती. माझ्या हाताचा, तारांचा किंवा अॅम्पचा यात काहीही दोष नव्हता. दोष अंतराचा होता.

अशा वेळी इंजिनिअर समोरच्या स्पीकरांना थोडा विलंब देऊन, चार मीटरसाठी सुमारे 12 मिलिसेकंद, दोन्ही लाटा जुळवून घेऊ शकतो. आम्ही त्याहून साधा उपाय केला. दोन लाटा एकमेकींना पूर्ण पुसण्यासाठी त्या साधारण सारख्या ताकदीच्या असाव्या लागतात, म्हणून मी माझ्या अॅम्पचा खालचा आवाज बराच कमी केला आणि मधला थोडा वाढवला. खाली प्रेक्षागृहात ई तार लगेच जिवंत झाली. अॅम्पवरचा बेस कमी केल्यामुळे प्रेक्षकांचा बेस वाढला, हे मी स्वतः ऐकले नसते तर माझा त्यावर विश्वास बसला नसता.

तेव्हापासून मी असे मानते की समोर मोठी ध्वनियंत्रणा असेल, तर मंचावरचा बेस अॅम्प मंचावरच्या माणसांसाठी असतो. नेहमीच तसे नव्हते. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस हा बेस गिटार 1951 मध्ये आला, त्याच्या जोडीला बेसमन हा अॅम्प आला, आणि पुढची बरीच वर्षे गायकाचा आवाज सोडल्यास बाकी सगळे प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्याचे काम मंचावरच्या अॅम्पनाच करावे लागत असे. अँपेग कंपनीने 1969 मध्ये 300 वॅटचा व्हॉल्व्हवाला (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) एसव्हीटी हा अॅम्प आणि त्यासाठी दहा इंची आठ स्पीकरांचे कॅबिनेट बाजारात आणले, ते याच गरजेतून. त्या आवाजाबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु जे काम आज समोरचे सबवूफर करतात, तेच काम पाठीमागून पुन्हा करण्याचा हट्ट धरला की दोन्हीकडचे बिघडते; शिवाय गायकाच्या माइकमध्ये आमचा खर्ज शिरतो आणि त्याला स्वतःचा सूर सापडेनासा होतो.

मग मंचावर आम्हाला नक्की काय ऐकायला हवे असते? स्वर कोणता आहे आणि तो नेमका केव्हा सुरू झाला, एवढे कळले की वाजवणे जमते, आणि ही दोन्ही माहिती खर्जापेक्षा मधल्या भागात, ढोबळमानाने 250 ते 1000 हर्ट्झच्या दरम्यान, जास्त असते. अडचण अशी की हाच भाग स्पीकरमधून सरळ रेषेत पुढे जातो, तर खर्ज चहूकडे पसरतो. जमिनीवर ठेवलेल्या लहान कॅबिनेटपासून दीड मीटरवर आपण उभे राहिलो, तर मधला आवाज आपल्या गुडघ्यांवर आदळतो आणि कानांपर्यंत फक्त घुमार पोहोचतो. आपण स्वतःला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतो, घुमारही वाढतो, ड्रमवादक आणि गिटारवादक त्यावर आपापला आवाज चढवतात आणि पहिल्या गाण्यातच मंचावर गदारोळ माजतो. कॅबिनेट एखाद्या मजबूत खोक्यावर चढवणे किंवा त्याचे तोंड मागे कलवून कानांकडे करणे, एवढ्याने माझी निम्मी तक्रार संपली. पोकळ लाकडी मंचावर तर कॅबिनेट उचलून ठेवण्याचा फायदा दुहेरी असतो, कारण मग फळ्या त्याच्यासोबत थरथरत नाहीत.

खर्जाची लाट पूर्ण व्हायला कित्येक मीटर लागतात, म्हणून अॅम्पजवळ बेस ऐकू येत नाही, असा एक समज वादकांमध्ये फार पसरलेला आहे. तो खरा नाही. हेडफोनमध्ये पडदा कानापासून जेमतेम काही सेंटीमीटरवर असतो, तरी त्यातून आपण खालचा ई व्यवस्थित ऐकतो. जागा बदलली की बेस बदलतो, हे मात्र खरे, आणि त्याचे कारण भिंतींवरून परतणाऱ्या लाटा हे आहे. मागची भिंत स्पीकरच्या तोंडापासून दोन मीटरवर असेल, तर तिच्यावरून परत येणारी लाट चार मीटर जास्त चालते, म्हणजे पुन्हा तोच ई पुसला जातो. अशा वेळी कॅबिनेट भिंतीला जवळजवळ टेकवलेले बरे. दोन मीटरच्या आसपासची जागा मी शक्यतो टाळते.

घरी एकट्याने बसवलेला आवाज मंचावर का टिकत नाही, हेही मला उशिरा कळले. हळू आवाजात मानवी कान खर्जाच्या बाबतीत मंद असतो; फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवले. म्हणून घरी आपण बेस वाढवतो आणि मधला भाग कापून टाकतो, कारण एकटे वाजवताना तो कर्कश वाटतो. मंचावर आवाज चढला की कान खर्ज आपोआप जास्त ऐकू लागतो, बेस ड्रम त्याच भागात ठोके देत असतो, आणि आपण कापलेल्या मधल्या भागाची मात्र तेव्हाच खरी गरज असते. अॅम्पच्या ताकदीचा हिशेबही इथेच चुकतो. खर्ज फक्त 6 डेसिबलने वाढवला, तर त्या स्वरांसाठी अॅम्पला चौपट वॅट द्यावे लागतात. उलट 1 वॅटला 1 मीटरवर 97 डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी 100 डेसिबल देणारा घेतला, तर तेवढ्यानेच अॅम्प दुप्पट वॅटचा घेतल्याचा लाभ होतो. खरेदी करताना वॅटचा आकडा सगळेच वाचतात, स्पीकरची ही संवेदनशीलता फार थोडे जण वाचतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

बेसचा सिग्नल समोरच्या मिक्सरला देताना मी डीआयचे, म्हणजे सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या जोडणीचे, बटण ‘प्री’वर ठेवते, म्हणजे अॅम्पच्या बटणांच्या आधीचा आवाज तिकडे जातो. यामुळे मंचावर मला हवे ते फेरफार करण्याची मोकळीक मिळते आणि इंजिनिअरने बसवलेला आवाज मध्येच हलत नाही. ज्यांचा आवाज अॅम्पच्या फाटण्यावरच (डिस्टॉर्शनवरच) उभा आहे, त्यांनी ‘पोस्ट’, म्हणजे अॅम्पच्या बटणांनंतरचा आवाज, किंवा कॅबिनेटसमोर माइक वापरावा, हे योग्यच आहे. फक्त माइक आणि डीआय दोन्ही घेतले, तर इंजिनिअरला एकाची पोलॅरिटी उलटी करून (म्हणजे त्याच्या लाटेच्या चढाचा उतार आणि उताराचा चढ करून) खालच्या स्वरांवर ऐकून बघायला सांगावे आणि ज्यात खर्ज भरीव वाटेल ते ठेवावे. गुणगुण ऐकू आली, तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्ट, म्हणजे फक्त सिग्नलच्या वायरचे ग्राउंड तोडणारे बटण, दाबावे. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो ऐकू नये, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

ओहमचा, म्हणजे कॅबिनेट विजेला करते त्या अडथळ्याचा, हिशेब थोडक्यात सांगते. 8 ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की 4 ओहम होतात, आणि अॅम्पवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली कधीही जाऊ नये. व्हॉल्व्हचा अॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नये, आणि अॅम्पपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची वायर न वापरता स्पीकरचीच वापरावी.

मंचावरचा आवाज कमी ठेवण्याचे आणखी एक कारण मला या सगळ्याहून महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे कान. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. याचा अर्थ 100 डेसिबलला ती फक्त पंधरा मिनिटे उरते, आणि ड्रमजवळ उभे राहणाऱ्या बेसवादकाचा कार्यक्रम तर दोन-दोन तास चालतो.

आता साउंडचेकला मी आधी ई तारेवरचा प्रत्येक स्वर सावकाश वाजवत खाली एक फेरी मारते आणि कोणता स्वर बुडतो किंवा घुमतो ते इंजिनिअरला सांगते. अॅम्प हाय-हॅटच्या (ड्रमवादकाच्या पायाने मिटणाऱ्या झांजांच्या) बाजूला, कलता असतो, म्हणजे ड्रमवादकालाही माझा स्वर मॉनिटरशिवाय (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरशिवाय) ऐकू येतो. शेवटी मधल्या भागाचे बटण मला रिकाम्या सभागृहात योग्य वाटते त्यापेक्षा किंचित पुढे ठेवते, कारण माणसे आणि त्यांचे कपडे मधला व वरचा आवाज शोषून घेतात, खर्ज फारसा शोषत नाहीत, आणि सभागृह भरल्यावर तो वाढवलेला मध्य बरोबर जागेवर येतो.