हे काय शिकायलास?

आप्पा जेवताना म्हणाले, "रातच्याला हे काय शिकायलास रे? याच्यानं काय व्हतंय?" रागानं नाही, सहजच. रागानं म्हणाले असते तर मीही काहीतरी बोलून मोकळा झालो असतो. आता ते झोपले आणि मी हे लिहीत बसलोय. शिकतोय ते असेंब्ली, प्रोसेसरला थेट एकेक सूचना द्यायची भाषा.

कॉलेजात ८०८५ या जुन्या प्रोसेसरचा सरावाचा किट होता. हेक्स कीपॅडवर एकेक बाईट टाकायचा, दोन संख्यांची बेरीज आली की जर्नलवर सही. तिथंच असेंब्ली संपली. लातुरात जुनी पुस्तकं मिळाली ती सगळी ८०८६ हा जुना प्रोसेसर आणि डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम यांची. त्यातलं इंट २१ एच, म्हणजे डॉसकडून काम करून घ्यायची सूचना, माझ्या ६४ बिट लिनक्सवर चालत नाही. डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालतं, पण मला हेच मशीन समजून घ्यायचंय. इंटेलची मॅन्युअलं फुकट आहेत, हजारो पानांची. ती अडल्यावर उघडायची, त्यातून सुरुवात होत नाही. सुरुवात कुठून करायची हे सांगणारं माणूस हवं होतं. पुण्यात असतो तर शेजारच्याला विचारलं असतं. इथं कुणाला विचारू? बाळू म्हणतो, जावा कर. जाऊ दे.

याच्यानं काय होतंय? नोकरी तर नाहीच लागत.

काल एक दशांश संख्या छापायला प्रिंटएफ हे सी भाषेतलं छापायचं फंक्शन कॉल केलं आणि सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीच्या चुकीनं प्रोग्राम बंद. सगळ्या ओळी बरोबर दिसत होत्या. मग जीडीबी या चुका शोधायच्या साधनात एकेक इन्स्ट्रक्शन पुढं सरकवत गेलो. प्रोग्राम मेला तो माझ्या कोडात नाही, लायब्ररीच्या आत, मूव्हॅप्स या इन्स्ट्रक्शनवर. त्याला १६ नं भाग जाणारा मेमरीचा पत्ता लागतो. मेन या मुख्य फंक्शनला कॉल होतानाच परतीच्या पत्त्याचे ८ बाईट स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या गोष्टी ठेवायच्या मेमरीत, बसलेले असतात, म्हणून पुढचा कॉल करायच्या आधी स्टॅकचं टोक दाखवणाऱ्या आरएसपी या रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतली छोटी जागा) आणखी ८ वजा करायचे. एक ओळ टाकली, संख्या छापली गेली. घरात सगळे झोपलेले. सांगू कुणाला?

आप्पांना सांगितलं असतं तर? बोअरची मोटार बंद पडली की मेकॅनिकला फोन करायच्या आधी ते स्वतः स्टार्टरचं झाकण काढून बघतात. त्यांना कोण विचारतं, याच्यानं काय होतंय म्हणून? बहुतेक त्यांना कळलं असतं. वजाबाकीची ओळ नाही, पण ते झाकण.

आणि पुस्तकाचं म्हणाल तर ते मशीनमध्येच निघालं. सीमध्ये दोन ओळींचं फंक्शन लिहायचं आणि जीसीसी या कंपायलरला एस पर्याय देऊन त्याचं असेंब्ली काढायचं. पहिला आकडा ईडीआय या रजिस्टरमध्ये येतो, दुसरा ईएसआयमध्ये, उत्तर ईएएक्समध्ये परत जातं. आपलाच कोड असल्यामुळं कुठली ओळ कशासाठी आहे हे आपोआप कळतं. शेजारी कुणी नसलं तरी एवढं जमतंय.

उद्या अ‍ॅरेच्या बेरजेचा लूप घेतो. आधी कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) बंद ठेवून, मग चालू करून, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचतो.