गच्चीवरचे बटाटे आणि काढणीची घाई

पुण्यातल्या आमच्या गच्चीवर मी पहिल्यांदा बटाटे लावले, तेव्हा माझी चूक लागवडीत नव्हे, काढणीत झाली. फुले आली म्हणजे बटाटे तयार झाले, अशी माझी ठाम समजूत होती. त्यामुळे पन्नासाव्या दिवसानंतर पांढरी फुले दिसताच मी पिशवी उपडी केली आणि हाती आले ते लिंबाएवढे, बोट लावताच साल सुटणारे बटाटे. त्या दिवशीची भाजी चविष्ट झाली खरी, पण उरलेले बटाटे आठवड्याभरात सुरकुतून गेले.

दुसऱ्या वर्षी मी कुफरी पुखराज या वाणाचे बेणे आणले, जे साधारण ७० ते ९० दिवसांत तयार होते, आणि लागवडीची तारीख, १० नोव्हेंबर, पिशवीवरच लिहून ठेवली. प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे राहतील अशा बेताने बटाटे कापले, फोडी सावलीत सुकवल्या आणि एक तृतीयांश भरलेल्या पिशव्यांमध्ये लावल्या. बटाटा हे मूळ नसून जमिनीखालच्या खोडाचा फुगलेला भाग असल्यामुळे, झाड वाढेल तशी मी माती आणि शेणखताची भर देत गेले. तरीही एक बटाटा उघडा पडून उन्हाने हिरवा झाला. सासूबाई म्हणाल्या, "तेवढं कापून टाक की!" पण हिरव्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते, म्हणून मी तो कंपोस्टच्या डब्यात टाकला.

सत्तराव्या दिवसाच्या सुमारास खालची पाने पिवळी पडू लागली, तेव्हा पाणी जास्त झाले की रोग पडला, या शंकेने मी अस्वस्थ झाले. पिशवीच्या कडेने हात घालून एक बटाटा चाचपून काढला आणि अंगठ्याने जोर देऊन चोळला, तर साल सरकले. म्हणजे अजून वेळ होता. पंच्याऐंशीव्या दिवशी बहुतेक पाला वाळून खोडे आडवी झाली, तेव्हा पाणी पूर्ण बंद केले आणि मातीपासून चार बोटे ठेवून पाला कापला. पाला गेल्यावर बटाटा फारसा वाढत नाही, पण मातीतच साल घट्ट होते, आणि टिकण्यासाठी तेच महत्त्वाचे असते.

पुढचे अकरा दिवस पिशव्यांना हात न लावणे हेच मला सर्वांत अवघड गेले. त्यानंतर पुन्हा एक बटाटा चोळून पाहिला, तर साल जागचे हलले नाही. तीन पिशव्यांतून अडीच किलो बटाटे निघाले. खुरप्याने कापले गेलेले दोन त्याच संध्याकाळी रश्श्यात गेले. बाकीचे न धुता, नुसती माती झटकून, अंधाऱ्या माळ्यावर गोणपाटावर पंधरा दिवस पसरले आणि मग टोपलीत भरले. त्यांतल्या शेवटच्या चारांना एप्रिलच्या उकाड्यात कोंब फुटले, तोपर्यंत एकही सुरकुतला नव्हता.