तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला (बाहेरच्या डब्याला) हात लावला की झिणझिणतं, ते का?

दुरुस्तीला आणलेला सीपीयू टेबलावर ठेवता ठेवता निम्मी गिऱ्हाइकं विचारतात, "याच्या डब्याला हात लागला की झिणझिणतं. बिघडलाय का?" मी उलट विचारतो, "घरात अर्थिंग आहे?" मग जरा थांबून उत्तर येतं, "तीन पिनांचं सॉकेट आहे की!"

कोकणात आमच्याकडे चिऱ्याची जुनी घरं पुष्कळ. त्यांतलं वायरिंग दोनच तारांचं, वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल. पुढे फ्रिज आला, कॉम्प्युटर आला, तशी बोर्डावर तीन भोकांची सॉकेटं बसली. वरचं मोठं भोक अर्थिंगचं, म्हणजे डब्यावर आलेली वीज जमिनीत नेणाऱ्या तारेचं. पण त्यामागे बऱ्याच ठिकाणी तारच नसते.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट (नको असलेल्या बारीक लहरी) जमिनीत सोडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून डब्याला जोडलेले कपॅसिटर नावाचे छोटे भाग असतात. अर्थिंग नसलं की त्यांना वाट उरत नाही आणि डबा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर, ११५च्या आसपास, तरंगत राहतो. त्यातून अंगात जाणारा प्रवाह एका मिलिअँपिअरहूनही कमी, म्हणून नुसत्या झिणझिण्या. कॉम्प्युटर बहुधा ठणठणीत असतो. पण उद्या आत फेजची तार डब्याला टेकली, तर तो प्रवाह जमिनीत नेणारं काही नाही, हात लावणारा माणूस सोडून.

यावर केला जाणारा एक उपाय मी कुणालाही करू देत नाही: सॉकेटच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडायची. झिणझिण लगेच थांबते, फेज आणि अर्थमध्ये लावून पाहिलेला टेस्ट लॅम्पही झकास पेटतो, त्यामुळे घरातल्यांना वाटतं काम झालं. माझ्या मामाकडे एका वायरमनने हेच केलं होतं. जूनमधल्या वाऱ्यात खांबावरून घरात येणारी न्यूट्रल तुटली. दिवे विझले, सगळे म्हणाले लाइट गेली. बटणं मात्र चालूच. बल्बमधून फेज उलटी न्यूट्रलमध्ये आली आणि त्या जोडातून थेट कॅबिनेटवर. मामी अंधारात टेबल पुसत होती, हातात ओला फडका. ती मागे फेकली गेली म्हणून वाचली. लाइट गेलेल्या घरात शॉक बसतो, हे त्या दिवसापर्यंत आमच्यातल्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

नळाच्या पाइपला तार बांधणंही तितकंच वाईट. मध्ये कुठे पीव्हीसीचा तुकडा असला तर ती जमिनीपर्यंत पोचतच नाही, आणि पलीकडे कुणी आंघोळ करत असतं.

मग करायचं काय? आधी मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती पकडणारा स्विच, बसवून घ्या. आत गेलेला आणि परत आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. फरक पडला की क्षणात तोडतो. त्याला स्वतःला अर्थिंग लागत नाही, म्हणून जुन्या घरात तोच पहिला आधार. एमसीबी (जादा प्रवाह झाला की पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो तारा वाचवतो, माणसाला नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. झिणझिण मात्र त्याने जाणार नाही, आणि स्पाइक बस्टरलाही (विजेचे अचानक झटके अडवणाऱ्या बोर्डालाही) अर्थिंगशिवाय पूर्ण काम करता येत नाही. अर्थिंग होईपर्यंत पायात कोरडी चप्पल असू द्या, आणि मॉनिटर, टीव्ही किंवा प्रिंटरची केबल जोडण्याआधी सगळ्यांचे प्लग उपसून ठेवा. तरंगत्या डब्यामुळे पोर्ट जळालेले बोर्ड माझ्याकडे येतात.

खरा इलाज खड्ड्याचा. लायसनवाल्या वायरमनकडून अर्थिंगचा पाइप पुरून घ्यायचा, भोवती कोळसा आणि मीठ, आणि तिथून हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत. आमचा जांभा उन्हाळ्यात कोरडा ठाक पडतो आणि कोरड्या दगडातून वीज नीट उतरत नाही, म्हणून जागा ओलाव्याची निवडा. मामाकडे तो पाइप माडाच्या आळ्याशेजारी आहे. एप्रिल-मेमध्ये मामी माडाला पाणी घालते तेव्हा एक कळशी त्या पाइपातही ओतते.