रिस्पेरिडोन सुरू करायचंय? आधी वही काढा

ऑटिझम बरा करणारं औषध नाही. रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल दिली जातात ती टोकाची चिडचिड, स्वतःला इजा करून घेणं, मारणं-चावणं यांसाठी. अमेरिकेत या कारणासाठी त्यांना अनुक्रमे २००६ आणि २००९ मध्ये मान्यता मिळाली. 'वर्गात एका जागी बसत नाही' एवढ्यावरून ही औषधं सुरू करायची नसतात. त्याआधी दात, कान आणि पोट तपासून घ्या. ज्या मुलाला 'दुखतंय' सांगता येत नाही, तो डोकं आपटतो. कित्येकदा मूळ बद्धकोष्ठतेत सापडतं.

औषध ठरलं, तर पहिल्या गोळीआधी दोन आठवडे नोंदी करा. डोकं किती वेळा आपटलं, कुणाला किती वेळा चावला, किती वाजता झोपला, भूक कशी, शौचाला कधी झाली. हे लिहिलेलं नसेल तर दोन महिन्यांनी 'फरक वाटतोय' यापलीकडे डॉक्टरांना काही सांगता येत नाही. मग दुष्परिणाम सोसायचे ते कशाच्या बदल्यात, हेही ठरत नाही.

फायदा खरा आहे आणि त्रासही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०१ मुलांवरच्या अमेरिकी अभ्यासात आठ आठवड्यांत रिस्पेरिडोन घेणाऱ्या ६९ टक्के मुलांना स्पष्ट फायदा झाला. खोटी गोळी घेणाऱ्यांत तो १२ टक्के होता. त्याच आठ आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन सरासरी २.७ किलो वाढलं, बाकीच्यांचं ०.८. म्हणून सुरुवातीलाच वजन, उंची, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. वजन दर आठवड्याला, एकाच काट्यावर, सकाळी. फरसाण-बिस्किटांचे डबे पहिल्या दिवसापासूनच घराबाहेर. भूक खवळल्यावर ते हिसकावून घेणं म्हणजे नवं भांडण.

सगळ्यात जास्त गफलत होते ती अस्वस्थपणात. या औषधांनी, अ‍ॅरिपिप्राझोलने विशेषतः, काही मुलांना आतून इतकी बेचैनी येते की त्यांना बसवत नाही. बोलणारं मूल 'पाय शांत राहत नाहीत' म्हणेल. न बोलणारं येरझाऱ्या घालतं, रडतं, झोपत नाही, जास्त मारतं. घरच्यांना वाटतं आजार वाढला, डोस वाढतो आणि बेचैनी आणखी चढते. ओळखायचं कसं? तारखांवरून. डोस सुरू झाल्यावर किंवा वाढल्यावर काही दिवसांतच हे सुरू झालं असेल, तर पुढचा डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना वही दाखवा. मुलाचा चालतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओही न्या.

मान एका बाजूला वळून अडकली, डोळे वर चढले, जीभ वाकडी झाली, तर लगेच दवाखाना गाठा. दिसायला भयंकर असलं तरी ते इंजेक्शनने बहुधा लवकर उतरतं. अंग ताठ, भरपूर ताप आणि मूल भान हरपल्यासारखं असेल, तर ती आणीबाणीच. छाती सुजणं किंवा तिथून स्राव येणं हे प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं संप्रेरक) वाढल्याचं लक्षण असू शकतं. आंघोळ घालताना लक्ष ठेवा, मूल सांगणार नाही.

आता देण्याची पद्धत. रिस्पेरिडोनचं पातळ औषध चहात किंवा कोलात मिसळू नका, त्यात ते बिघडतं. पाणी किंवा कमी स्निग्धांशाचं दूध चालतं. ते साधारण १ मिलीला १ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ०.२५ मिलिग्रॅमसाठी पाव मिलीच. चमच्याने हे मोजता येत नाही, १ मिलीची सिरिंजच हवी. केमिस्टकडे नावापुढे 'प्लस' असलेली पट्टी मिळाली तर थांबा: तिच्यात बहुतेकदा ट्रायहेक्सिफेनिडिल हे ताठरपणा कमी करणारं दुसरं औषधही असतं. त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता वाढते, आणि ते डॉक्टरांनी लिहिलेलंच नसतं.

नाशिकमधले बरेच पालक तज्ज्ञांसाठी मुंबई-पुणे गाठतात आणि पुढची भेट तीन महिन्यांनी असते. मधल्या काळात वजन, रक्तदाब आणि हालचाली पाहायला गावातल्या बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा आणि चिठ्ठीची प्रत त्यांच्याकडे द्या. एप्रिल-मेत पारा चाळिशीला टेकतो. या औषधांवर असलेल्या मुलांचं शरीर उष्णता नीट सांभाळू शकत नाही, तहान लागली तरी ती सांगतीलच असं नाही. ठरलेल्या वेळी पाणी पाजा.

त्रास दिसला तरी औषध एकदम बंद करू नका. चिडचिड, झोपमोड, अनैच्छिक हालचाली उफाळू शकतात. डोस हळूहळू उतरवतात आणि उतरवतानाही तीच वही चालू ठेवायची. चांगलं चाललं असलं तरी दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारा, 'कमी करून बघायचं का?' तो प्रश्न आपणच काढावा लागतो.