तिकडचं दूध पिऊन उंची वाढली का?

सुट्टीत मिरजेला गेले की हा प्रश्न ठरलेला. मावशी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला दारातच उभा करते, त्याच्या डोक्यावर हात ठेवते आणि मला विचारते, "काय गं, तिकडचं एवढं दूध-चीज खाऊन उंची वाढली का याची?" मग शेजारच्या काकू, मग सासरचे मामा, मग शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या मैत्रिणी. आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो, म्हणजे जगातल्या सगळ्यात उंच माणसांच्या देशात, त्यामुळे अपेक्षा मोठ्या आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

इथली माणसं ताडमाड आहेत हे खरंच. आमच्या भाड्याच्या घरात बाथरूमच्या आरशात मला भुवयांच्या वरचंच दिसतं. टिकली लावता येते, लिपस्टिकसाठी चवड्यांवर उभं राहावं लागतं. कणीक मळताना ओट्यापाशी मिरजेहून आणलेला पाट पायाखाली घेते. सायकल घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने सीट शेवटच्या भोकापर्यंत खाली केली, माझे पाय पाहिले आणि अगदी अदबीने मला मुलांच्या सायकलींकडे नेलं. (माझी उंची चार फूट अकरा. लग्नाच्या बायोडेटात पाच फूट लिहिली होती, आता कबूल करायला हरकत नाही.)

पण ही माणसं पहिल्यापासून अशी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सैन्यभरतीला येणाऱ्या डच तरुणांची सरासरी उंची होती साधारण १६५ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच. १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी जवळपास तेवढीच आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन माणूस डच माणसापेक्षा चांगला उंच होता. १९८० मध्ये जन्मलेल्या डच पुरुषांची सरासरी मात्र १८३.९ वर गेली. दीडशे वर्षांच्या आत एवढी वाढ. इतक्या थोड्या पिढ्यांत अख्ख्या देशाचं रक्त बदलत नाही. बदललं ते बाळपण.

मावशीला दूध दिसतं, मला पाणी दिसतं. १८५३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या हार्लेमरपोर्ट वेशीवर समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधलं स्वच्छ पाणी नळाने आलं. एका सेंटला एक बादली. त्याआधी शहरातले लोक पावसाचं साठवलेलं नाही तर होडीतून आणलेलं पाणी प्यायचे, आणि कालव्यांत काय काय जायचं ते लिहायला नको. उंचीचा मोठा हिशेब आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांत आणि नंतरच्या दोनेक वर्षांत होतो. त्या काळात बाळाला सारखे जुलाब होत राहिले, तर पोटात गेलेलं अंगी लागत नाही; जे लागतं ते आजाराशी झुंजण्यात जातं. हाडांच्या वाट्याला उरतं ते उरतं. नंतर बादलीभर दूध पाजा, ते गेलेलं फारसं भरून येत नाही.

त्यानंतर १९०१ मध्ये हेगमध्ये पहिलं बालआरोग्य केंद्र निघालं. अशी केंद्रं आता गावोगाव आहेत आणि फुकट आहेत. माझा मुलगा दीड महिन्याचा असताना तिथल्या नर्सने त्याला उघडा करून लाकडी मोजपट्टीवर आडवं झोपवलं, एका हाताने गुडघे दाबून धरले आणि आकडा तक्त्यावर ठिपक्यासारखा मांडला. ठिपका खालच्या रेघेच्याही खाली. माझा चेहरा बघून तिने ड्रॉवरमधून दुसरा तक्ता काढला. त्यावर लिहिलं होतं 'हिंदुस्तानी'. १८७३ पासून बिहार आणि उत्तर प्रदेशातून मजुरीसाठी सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, नेलेल्या आणि पुढे इकडे आलेल्या लोकांच्या मुलांसाठी हा वेगळा तक्ता आहे. त्यावर आमचा ठिपका गुमान मधल्या रेघेपाशी बसला.

म्हणजे शेवटी रक्तच ना, असं मामा म्हणतील. अर्धं बरोबर. एकाच वर्गातल्या दोन मुलांमधला फरक बऱ्याच अंशी आईबापांवरून ठरतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने बालवाढीचे तक्ते करताना दक्षिण दिल्लीतल्या खात्यापित्या घरांतली आणि ऑस्लोतली मुलं मोजली, तेव्हा पाच वर्षांपर्यंत दोघांची उंची जवळपास सारखीच वाढत होती. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालातली 'माया' या मूळनिवासी समाजाची कुटुंबं अमेरिकेत गेली, तर तिथे वाढलेली त्यांची पोरं मागे राहिलेल्या पोरांपेक्षा सुमारे दहा सेंटीमीटर उंच भरली. दक्षिण कोरियाची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. १८९६ मधल्या आणि १९९६ मधल्या जन्माच्या बायकांमध्ये तिथे वीस सेंटीमीटरचा फरक आहे. पणजी आणि पणती शेजारी उभ्या केल्या तर जवळजवळ एक वीत!

आणि हे कायम चढतच जातं असंही नाही. १८९६ मध्ये जन्मलेले अमेरिकन पुरुष उंचीत जगात तिसरे होते, १९९६ च्या जन्माचे सदतिसावे. २००१ मध्ये जन्मलेले डच मुलगे १९८० वाल्यांपेक्षा एक सेंटीमीटरने बुटके निघाले, मुली १.४ ने. बाहेरून आलेली आमच्यासारखी माणसं हे एक कारण आहेच, पण ज्यांचे चारही आजीआजोबा इथलेच आहेत त्यांचीही वाढ थांबली आहे.

आता मावशीचं. चार बहिणींत ती सगळ्यात बुटकी, चार फूट आठ. बहात्तरच्या दुष्काळातला तिचा जन्म, आटपाडीकडचा. आजी तेव्हा खडी फोडायला जायची आणि घरात मिलोच्या भाकरी असायच्या, तो अमेरिकेहून आलेला तांबडा धान्याचा प्रकार. एकट्या मावशीवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण ती मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दुधाचं विचारते तेव्हा मला तेच आठवतं, आणि तिला ते सांगवत नाही. मी नुसतं म्हणते, "वाढली गं थोडी."

आकडा हवा असेल तर १३१ सेंटीमीटर. युट्रेख्टमधल्या वर्गाच्या फोटोत तो पहिल्या रांगेत, मांडी घालून बसलेल्यांत आहे. मिरजेत गल्लीतल्या पोरांत तो मागे उभा राहतो. मावशीला गाठायला त्याला अजून दोन वर्षं लागतील. आणि हो, ती उंची वाढवायची पावडर कृपा करून पाठवू नका, मागचे दोन डबे तसेच पडून आहेत.